दोघांत एक घड्याळ

"हात पुढे करा," डॉक्टर सबनीस म्हणाल्या.

विंग कमांडर जगदाळ्यांनी डावा हात पुढे केला. मॅडमनी त्यांच्या जाडजूड सुटाच्या बाहीवरून घड्याळाचा लांबलचक कापडी पट्टा गुंडाळला आणि बक्कल लावलं. काळी तबकडी, तिच्यावर बाराऐवजी चोवीस आकडे. उजेड-अंधार कळला नाही तरी दिवस आहे की रात्र, ते काट्यावरून कळावं म्हणून. चावी हातानेच द्यायची, कडेची किल्ली फिरवून.

"दोघांत एकच?" मी विचारलं.

"एकच. जो जागा असेल त्याच्या हातावर. झोपायला जाताना त्याने दुसऱ्याच्या हातावर बांधायचं."

"पण यानात भिंतीवर घड्याळ असतंच की, मॅडम."

"असतं, आणि बंदही पडतं. पहिल्यापहिल्यांदा जे वर गेले त्यांनी मनगटावर घड्याळं नेली ती काही हौस म्हणून नाहीत, दिघे. चंद्राकडे निघालेल्या एका यानाची वीज गेली. परतीची वाट धरायची तर इंजिन ठरावीक सेकंदच पेटवायचं होतं. ते सेकंद एकाने मनगटावर बघून मोजले. तिघंही जिवंत घरी आले." त्यांनी बक्कल एकदा ओढून बघितलं. "तेव्हा तुमची वेळ हीच. बाहेरून आम्ही वेळ सांगणार नाही. काहीच सांगणार नाही. पाच दिवस भरले की आतून दारावर तीनदा ठोका, आम्ही उघडू."

"आणि हा?" मी दाराशेजारच्या लाल दांड्याकडे बोट दाखवलं.

"तो मुदतीच्या आत ओढलात तर दार लगेच उघडेल. आणि दोघंही नापास."

जगदाळे सर हसले. "त्याच्याकडं बघायचंच न्हाई, गड्या," ते मला म्हणाले. बाहेर चारचौघांत ते अगदी छापील बोलायचे, पण माझ्याशी बोलताना माण तालुक्यातलं त्यांचं गाव जिभेवर यायचं. मी पेणचा. आख्ख्या तळावर मराठी बोलणारे आम्ही दोघे आणि मॅडम.

दार लागलं तेव्हा माझ्या कानांत दडे बसले.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली. जगात माणसं चंद्रावर फिरून आली होती, पण आम्ही त्या शाळेत अजून पहिलीतच होतो. दक्षिणेतल्या एका शहराबाहेर, विमानाच्या जुन्या हँगरमध्ये, पाण्याच्या टँकरएवढी पोलादी कोठी बनवली होती. तीन जोड्यांमधून एक जोडी निवडायची होती. पहिली जोडी दुसऱ्याच दिवशी दांडा ओढून बाहेर आली. दुसऱ्या जोडीतल्या एकाला वांत्या सुरू झाल्या. तिसरे आम्ही. आम्ही पाच दिवस काढले की जागा आमची, इतका सरळ मामला होता. मी तेव्हा तिशीतला स्क्वाड्रन लीडर होतो आणि वर जाण्याखेरीज दुसरं काही मला सुचत नव्हतं. बायको म्हणायची, तुमचे पाय जमिनीवर नाहीत हे मला लग्नातच कळलं होतं.

आत एकच बिछाना, एक खुर्ची, पाण्याचा पिंप, कोरड्या खाण्याची पाकिटं आणि दिवसरात्र जळणारा एक पांढरा दिवा. आणि चुन्याचे डबे. माणूस आत घेतो ती हवा वेगळी आणि सोडतो ती वेगळी. सोडलेली हवा बंद जागेत साचली की ती विषासारखी भिनते. ती शोषून घ्यायला पंख्याच्या तोंडाशी औषधी चुन्याचा डबा बसवायचा. एक डबा आठ तास पुरायचा. घड्याळात बघून आठ तासांनी तो बदलायचा आणि एक बटण दाबायचं, म्हणजे बाहेर दिवा लागे. पाच दिवसांचे पंधरा डबे. पाळ्याही आठ तासांच्याच. एकाने जागायचं, दुसऱ्याने झोपायचं, आणि पाळी बदलली की डबाही बदलायचा. आतली हवा किती बिघडली ते दाखवणारा काटा फक्त बाहेर होता.

पहिली पाळी सरांची. मी आडवा झालो. डोळा लागता लागता ते कपाटातले डबे काढून एकेक हलवून बघताना दिसले. ते शिस्तीचे, मी काही मनावर घेतलं नाही.

जाग आली ती गुदमरून. पेणला आमच्या परसात विहीर होती. स्वप्नात मी तिच्या तळाशी होतो आणि वरून कुणीतरी झाकण सरकवत होतं. उठून बसलो. कानशिलं ठणकत होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"काय रं, काय झालं?" सर खुर्चीतून म्हणाले.

"काही नाही. स्वप्न."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," ते म्हणाले आणि पट्टा सोडून घड्याळ माझ्या बाहीवर बांधायला लागले. "तुझी पाळी. डबा बदल."

मी डबा बदलला. घटकाभराने डोकं उतरलं, श्वास जागेवर आला. बटण दाबलं, खुर्चीत बसलो, घड्याळाला चावी दिली. ते काम मीच घेतलं होतं. माझे वडील घड्याळाला चावी देताना फेरे मोजायचे, तीच सवय मला. मोजलं की स्प्रिंग कुठे ताठ होणार ते बोटांना आधी कळतं आणि ती तुटेपर्यंत कुणी पिळत नाही. दर पाळीला मी मोजत होतो. चौदा-पंधरा फेऱ्यांत स्प्रिंग ताठ व्हायची.

पुढच्या झोपेतही तीच विहीर. त्याच्या पुढच्या झोपेतही. दर वेळी उठलो की डोकं फुटायला आलेलं, दर वेळी नवा डबा लावला की बरं वाटायचं. माझ्या पाळीत मी ठीक असायचो. झोपायची वेळ आली की मात्र मी काहीतरी काम काढून उभाच राहायचो. झोपेची भीती वाटणारा माणूस अंतराळात काय दिवे लावणार, असं मनात यायचं आणि मी ते गिळून टाकायचो.

"सर, तुम्हाला डोकं दुखल्यासारखं होतं का?" तिसऱ्या दिवशी मी विचारलं.

"न्हाई बा."

"माझं दुखतं. उठलो की."

"लई झोपतोस म्हणून. दाढी बघ केवढी वाढलीय."

मी गालावरून हात फिरवला. खरंच बरीच वाढली होती. तीन दिवसांच्या मानाने जरा जास्तच. पण आरसा नव्हता, आणि दाढीवरून वेळ सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"एक विचारू का, सर? डबे लवकर संपत असतील, असं तर नाही? म्हणजे आठ तासांच्या आत?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "घड्याळ काय म्हणतंय?"

"आठ तास."

"मग आठ तास. मन चिंती ते वैरी न चिंती, दिघे. असलं डोक्यात घेऊ नकोस. शांत पड. सावकाश श्वास घे."

सावकाश श्वास घे, हे ते फार वेळा म्हणायचे. मला ते मायेचं वाटायचं.

चौथ्या दिवशी माझी पाळी सुरू झाली तेव्हा सर घड्याळ बांधताना दोनदा चुकले. पट्टा बक्कलात जाईना. मी स्वतःच बांधून घेतलं. ते बिछान्यावर कोसळले आणि झोपले. मी डबा बदलला, खुर्चीत बसलो आणि चावी द्यायला लागलो.

चौदा. पंधरा. स्प्रिंग ढिलीच. सोळा, सतरा. माझी बोटं थांबली. पुन्हा फिरवली. एकोणिसाव्या फेरीला ती ताठ झाली.

मी घड्याळ कानाशी लावलं. टिकटिक स्वच्छ चालली होती. काटे बरोबर जिथे असायला हवेत तिथेच होते. पण स्प्रिंग काट्यांचं ऐकत नसते. ती जितका वेळ चालते तितकीच उलगडते. काटे म्हणत होते मागच्या चावीपासून सोळा तास झाले. स्प्रिंग म्हणत होती, त्याहून कितीतरी जास्त झाले.

म्हणजे कुणीतरी काटे मागे घेतले होते.

कोठीत माणसं दोनच. एक तर हे सरांनी केलं होतं, नाही तर मी. आणि मीच केलं असेल आणि मला आठवत नसेल तर? डोकं रोज ठणकत होतं, स्वप्नं पडत होती. बंद हवेत माणसाला भ्रम होतात, हे आम्हाला वर्गात शिकवलेलं. मी माझ्या बोटांकडे बघत बसलो. ती माझीच होती, पण त्यांच्यावर भरवसा ठेवावा असं वाटेना. मग मी घड्याळ बांधलेला हात मांडीखाली दाबून धरला आणि ती पाळी तशीच काढली.

मधूनमधून झोपलेल्या सरांकडे बघायचो. सहा फुटांचा गडी, युद्धात शेपटी जळालेलं विमान घेऊन परत आलेला. मी शिकाऊ होतो तेव्हापासून त्यांच्याकडे बघत आलेलो. तो माणूस असं का करेल? माझं डोकं फिरलंय, हेच खरं असावं असं मला वाटायला लागलं. आणि ते खरं असावं, अशी इच्छाही होत होती. कारण दुसरी शक्यता जास्त भयंकर होती.

पाळी संपली. कपाटात आता तीन डबे होते. एक काढून लावला, दोन उरले. घड्याळाप्रमाणे ही पाळी धरून तीन पाळ्या बाकी होत्या. म्हणजे डबे बरोबर पुरत होते. त्या एका गोष्टीने मला जरा धीर आला. घड्याळ त्यांच्या बाहीवर बांधलं आणि मी भिंतीकडे पाय करून, तोंड त्यांच्याकडे ठेवून आडवा झालो. डोळे मिटले, पण पूर्ण नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. झोप न येऊ देणं फार कठीण गेलं. हवा जड होत चालली होती, पापण्यांवर कुणी बोटं ठेवल्यासारखी. मी जीभ दातांखाली धरून पडून राहिलो.

सर खुर्चीत शांत बसले होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी श्वास लांब केला, झोपलेल्या माणसासारखा. त्यांनी उजव्या हाताने किल्ली बाहेर ओढली आणि काटे उलटे फिरवले. किल्ली आत दाबली. चेहऱ्यावर काही नाही, जणू दिव्याचं बटण दाबावं.

माझं काळीज इतकं जोरात उडत होतं की ते त्यांना ऐकू जाईल असं वाटलं. उठावं की पडून राहावं, ते कळेना. ओरडायचं तर ऐकायला कोण होतं? मी पडून राहिलो.

आणि थोड्याच वेळाने सरांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं, पुन्हा किल्ली ओढली आणि पुन्हा काटे उलटे फिरवले. अगदी तसेच, जणू आधी काही केलंच नव्हतं.

मी उठून बसलो.

"सर."

त्यांचा हात किल्लीवरच राहिला. मला वाटलं होतं ते दचकतील, रागावतील. त्यांनी फक्त डोळे मिटून उघडले.

"झोपला न्हाईस व्हय?"

"काय करताय तुम्ही?"

"बस खाली."

"काटे मागे का घेताय?"

"बस म्हटलं ना. उभा राहू नको, दम लागतो."

मी बिछान्याच्या कडेवर टेकलो. त्यांनी कपाटाकडे मान केली. "त्यातलं दोन डबं बाद हायेत. झाकणाची लाख फुटली व्हती. ओल लागून चुन्याचा दगड झालाय."

"कुठले दोन?"

"उरलेत ते."

मला कपाटाकडे बघवेना. घड्याळाप्रमाणे अजून जवळजवळ एक दिवस बाकी होता, आणि पंख्याला लावलेला डबा हा शेवटचा होता.

"कधी कळलं तुम्हाला?"

"दार लागल्यावर तासाभरानं. तू झोपला व्हतास."

"मग दांडा का नाही ओढलात? मला का नाही उठवलंत?"

"दांडा ओढला की नापास. पुढच्या खेपेला माझं वय बसत न्हाई, दिघे. ही एकच खेप." ते शांतपणे सांगत होते, जेवणावर गप्पा मारल्यासारखे. "मी हिशेब केला. पंधराचं काम तेरात भागवायचं. डबा आठाच्या जागी जरा जास्त चालवायचा. डोकं दुखेल, पण माणूस मरत न्हाई. बाहेरचा काटा लाल रेघेला लागत न्हाई तवर ती दार उघडत न्हाईत. माझ्या पाळीत दोन-अडीच तास मागं घ्यायचं, तुझ्या पाळीत न्हाई. तुला तरास नको म्हणून."

"मला सांगायचं होतंत. आपण दोघांनी मिळून केलं असतं."

"सांगितलं असतं तर तू भ्याला असतास."

"सर..."

"ऐक. भ्यालेला माणूस जास्त श्वास घेतो. दीडपट घेतो. मग तेरा डबं पुरलं नसतं. तुला ठावं नसणं हेच आपलं दोन डबं व्हतं." त्यांनी माझ्या छातीकडे बोट केलं. "आता बघ कसा घेतोयस."

मी खरंच धापा टाकत होतो. थांबवायला गेलो तर धाप जास्तच लागली. त्यांच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती आणि त्यामुळेच माझी पाचावर धारण बसली. पाच दिवस या माणसाने माझी झोप, माझी वेळ, माझी भीती सगळं आपल्या मुठीत ठेवलं होतं, आणि त्यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "झालं ते झालं. आता खरी वेळ सांगा. एकूण किती तास मागे घेतलेत?"

"सांगतो की. पैल्या पाळीला अडीच." त्यांनी अंगठा दुमडला. "दुसऱ्या पाळीला... म्हंजे माझी दुसरी... दोन. तिसरीला अडीच."

ते थांबले.

"तिसरीला दोनदा घेतलं काय? थांब. पैल्यापासनं सांगतो." त्यांनी बोटं उघडली. "पैलीला अडीच. दुसरीला..." पुन्हा थांबले. कपाळावर घाम आला होता. "तू मधी बोलू नको."

मी बोललो नव्हतो.

"आज किती वेळा घेतलेत, सर?"

"आज? आज एकदा. आत्ता घेत व्हतो."

"दोनदा. मी बघितलं. माझ्यासमोर दोनदा घेतलेत."

"एकदाच."

"त्याच्या आधी किती घेतले, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पांढरं उरलंच नव्हतं. विषारी हवेतली सगळी जागरणं त्यांनी केली होती. मी झोपेत गुदमरत होतो, ते जागेपणी. आणि माणसाचं डोकं मंद होतं तेव्हा त्याला ते स्वतःला कळत नाही, हे त्यांनीच मला कधीतरी शिकवलं होतं.

"म्हणजे आत्ता किती वाजलेत, हे जगात कुणालाच माहीत नाही," मी म्हणालो. "मला नाही, तुम्हाला नाही, त्या घड्याळालाही नाही."

"थांब की. हिशेब लागतोय. पैलीला अडीच..."

मी उठलो. दाराकडे तीन पावलं होती. सर माझ्याआधी उठले आणि दांड्याच्या पुढे उभे राहिले. त्यांचा पहाडासारखा देह एका बाजूला झुकत होता.

"बस खाली, स्क्वाड्रन लीडर. हुकूम हाय."

"सर, बाजूला व्हा."

"दिघे, आपली जागा जाईल. एका दिवसासाठी जाईल. तुला वर जायचं न्हाई?"

"जायचंय."

"मग भितोस कशाला?"

"भितो म्हणूनच म्हणतोय. बाजूला व्हा."

त्यांनी माझं मनगट पकडलं. एरवी त्या हाताने त्यांनी मला उचलून टाकलं असतं. पण त्या वेळी पकडीत लहान मुलाएवढंही बळ नव्हतं, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त भय वाटलं. मी त्यांच्या खांद्यावरून हात घातला आणि लाल दांडा खाली ओढला.

हवा आत आली. बाहेरची ती हँगरमधली तेला-डिझेलची हवा मला कैरीच्या वासासारखी गोड लागली. कुणीतरी तोंडावर ऑक्सिजनचे मास्क लावले, कुणीतरी आम्हाला बाकावर बसवलं. डॉक्टर सबनीस समोर स्टूल ओढून बसल्या. त्यांनी आमच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितला, नाडी बघितली. मग मास्क बाजूला करायला लावले.

"दांडा का ओढलात?" त्यांनी विचारलं. "ठोकलं का नाही?"

सर बाहीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"पाच दिवस भरून तीन तास होऊन गेलेत," मॅडम म्हणाल्या. "तीन तास आम्ही दाराला कान लावून बसलोय. हवेचा काटा लाल रेघेच्या इतका जवळ होता की मीच दार उघडायला सांगणार होते. तुमच्या घड्याळाने पाच दिवस भरले नाहीत का?"

मला हसू आलं की रडू, ते आठवत नाही. पाच दिवस संपले होते. आम्ही पास होऊन बसलो होतो आणि आत मरायच्या वाटेवर होतो. सरांचा हिशेब बरोबर होता, तेरा डबे पुरले होते. फक्त थांबायचं कधी, ते त्यांच्या हातून निसटलं होतं.

जगदाळे सर ताठ बसले. आवाज एकदम छापील झाला. "मॅडम, वेळ भरली होती. दोघांचीही डोकी दुखत होती, म्हणून ठोकत बसण्यापेक्षा दांडा ओढ, असा मी दिघ्यांना हुकूम केला. त्यांनी तो पाळला. घड्याळ मध्ये एकदा आपटलं, त्यामुळे ते थोडं मागे पडलं असावं."

"बरं." मॅडमच्या चेहऱ्यावर आता कुठे जरा ऊन पडल्यासारखं झालं. "मुदतीनंतर ओढलाय, तेव्हा नियमात बसतं. पूर्ण मुदत काढलेली तुमची एकच जोडी. म्हणजे जागा तुमची." मग त्या माझ्याकडे वळल्या. "दिघे, असंच झालं ना?"

सर माझ्याकडे बघत नव्हते. समोर बघत होते.

मी फक्त हो म्हणायचं होतं. इतकंच. हो म्हटलं की वर जायचं. लहानपणापासून जे मागितलं ते समोर ताटात वाढून ठेवलं होतं. पण तिथे वर दांडा ओढला तर बाहेर हँगर नसतो, बाक नसतो, मॅडम नसतात. तिथे माझ्या शेजारी हाच माणूस असणार, मला भीती वाटू नये म्हणून माझ्यापासून सगळं लपवणारा. त्यांचं नाव घ्यावं, असंही वाटेना. त्यांनी माझ्या पाळ्यांमधली चांगली हवा मला ठेवली होती आणि वाईट स्वतः घेतली होती, हेही खरं होतं.

"नाही, मॅडम," मी म्हणालो. "हुकूम नव्हता. वेळ भरल्याचंही मला माहीत नव्हतं. मी दांडा ओढला, कारण मला भीती वाटली."

मॅडम जरा पुढे झुकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दिघे, हा शब्द नीट विचार करून वापरा. डोकं दुखलं म्हणा, चक्कर आली म्हणा, मी लिहून घेते. वैमानिकाच्या नावापुढे भीती लिहिली तर अंतराळ सोडा, तुम्हाला साधं विमानही परत कुणी देणार नाही."

"माहीत आहे, मॅडम."

"तरी लिहू?"

"लिहा. मला फार भीती वाटली. अजून वाटतेय."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. माझ्या शेजारी सरांचा श्वास मोठा झाला. त्यांनी बाहीवरचा पट्टा सोडला, घड्याळ मॅडमच्या पुढे धरलं, आणि बाहेरच्या कुणाशी ते जे मराठी कधी बोलत नसत त्या मराठीत म्हणाले,

"काटे म्याच मागं घेतले, मॅडम. रोज. माझ्याबी नावापुढं त्योच शब्द लिवा. आधी माझ्या."